संकेतस्थळावरची काटछाट

जिल्हा कचेरीच्या आवारात टेबल टाकून मी गेली सव्वीस वर्षे अर्ज लिहीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु ज्यांचे पुष्कळ झाले आहे, तेही सही करण्यापूर्वी कागद माझ्यापुढे सरकवतात. सबब या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाचे संकेतस्थळ नव्याने कोणत्या प्रणालीवर बांधावे, याची निवड अध्यक्षांनी माझ्यावर सोपवली, यात मला नवल वाटले नाही.

प्रकरण असे होते. जुन्या पानावर सभागृहाच्या नोंदणीसाठी आमच्या चिटणीसांचा मोबाइल क्रमांक दिलेला होता. चिटणीस वारले. पान बनवणारा गृहस्थ शहर सोडून गेला आणि आत शिरण्याचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. पेन्शन आणि बँक त्याच क्रमांकाला जोडलेली, म्हणून त्यांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, तो बंद करता येईना. लग्नसराईत रोज कोणी ना कोणी विचारी, "भाईसाहब हैं क्या? हॉल के लिए बात करनी थी." प्रत्येकाला वहिनींनी नव्याने सांगायचे, की ते आता नाहीत.

नवे पान सांभाळण्याचे काम वहिनींनी मागून घेतले. "दुसऱ्या कोणाच्या घरी असं नको व्हायला," त्या म्हणाल्या.

विजय नगर भागातून संकेतस्थळे बनवणारी एक मुलगी आली. घरची मराठी, पण दर दुसऱ्या वाक्याला हिंदीत जाणारी. तिने वहिनींच्या बैठकीच्या खोलीत दोन प्रणाली उघडून दाखवल्या. पहिलीत डाव्या हाताला इतके कप्पे होते, की वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. दुसरीत नुसते पान. ओळीवर बोट ठेवावे, ती बदलावी, 'जतन करा' दाबावे.

"अंकलजी, ही वाली एकदम सिंपल आहे. आंटी को कुछ सीखना ही नहीं पड़ेगा."

सोपे कागद मी फार पाहिले आहेत. पुढे दोनच ओळी असतात, त्याच कागदाच्या पाठीवर अटी छापलेल्या असतात. मी विचारले, "पासवर्ड कोणाच्या नावे? उद्या आपले बिनसले, तर लिहिलेला मजकूर आम्हाला बाहेर काढता येईल काय?"

"अच्छा, आप वकील हैं?"

"वकील माझ्याकडून लिहून घेतात."

ती हसली. हसून दिलेल्या उत्तरावर माझा विश्वास नाही. खाते वहिनींच्या नावे काढायला लावले, मजकूर उतरवून घेण्याचे बटण माझ्यादेखत दाबायला लावले, उतरलेली फाईल शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग दुसरी प्रणाली मंजूर केली.

जुना मजकूर नव्या पानावर आणून, अध्यक्षांच्या पत्राने जुने पान बंद करवल्यावर मुलगी तो क्रमांक पुसायला निघाली. मी हात आडवा केला. आमच्या धंद्यात लिहिलेले पुसत नाहीत. पुसल्या जागेवर मागाहून कोण काय लिहील, याचा भरवसा नसतो. चुकल्या शब्दावर आडवी रेघ ओढायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि बाजूला लघुस्वाक्षरी. त्याप्रमाणे क्रमांकावर रेघ ओढून घेतली, पुढे माझी आद्याक्षरे घालायला लावली, खाली अध्यक्षांचा क्रमांक दिला. मुलगी काही बोलणार होती, पण नुसते "ठीक है, अंकलजी" म्हणाली. तिच्या त्या 'ठीक है'चाही मला संशय आला.

चार दिवसांनी वहिनींचा फोन.

"भाऊजी, तुम्ही काट मारली न? मग लोक काहून फोन करून राहिले?"

"मंडळाच्या जुन्या पत्रिकेवरून घेत असतील."

"तुमच्याच पानावरून घेतात. आज एक जण म्हणे, 'माताजी, नंबर कटा हुआ दिखा, तो सोचा लगाकर देख लें.' आता बोला!"

मुलीनेच काही केले असावे, असे मला वाटले. मी पान उघडले. रेघ जागेवर होती, आद्याक्षरे जागेवर होती, आणि रेघेखालचे दहाही अंक स्वच्छ वाचता येत होते. बोट लागताच माझाच मोबाइल तो क्रमांक फिरवू लागला. मी घाईघाईने बंद केला.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. वहिनी पान उघडून बसल्या होत्या.

"मी पुसते."

"वहिनी, मग इतकी वर्षे हे काम त्यांनी पाहिले, याचा पुरावा राहणार नाही."

"कोणापुढे ठेवायचा आहे पुरावा?"

वहिनींनी शेवटच्या अंकापासून एकेक अंक मागे घेत नेला. पहिल्यापाशी बोट थोडे थांबले, मग तोही गेला. माझी आद्याक्षरेही त्यांनी विचारल्याशिवाय काढली. 'जतन करा' त्यांनीच दाबले. मी प्रथेप्रमाणे सगळे पान मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्यांनी "बरोबर आहे" म्हटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून मला विचारले, "भाऊजी, यांचा फोन वाजूनच नाही राहिला. जरा लावून पाहा बरं, चालू आहे न?"

मी टेबलावरचा अर्ज बाजूला ठेवून तो क्रमांक लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला.