गव्हाणीतला पाहुणा

मक्याच्या पिठाचे निम्मे तमाल बांधून झाले होते. केळीच्या पानातल्या दोन-दोन पुड्या पाठीला पाठ लावून बांधायच्या, आणि नेमकी सुतळी संपली. तीन वाजता शेजारीपाजारी बाळ येशूच्या जपमाळेच्या प्रार्थनेला येणार, मग येशूजन्माच्या देखाव्याचा, नाताळचा गोठा आवरायचा. सुतळी शोधायला बाहेरच्या खोलीत गेले, तर गोठ्यातल्या सापानं जीभ बाहेर काढली.

तीन दिवस खेळण्यातला समजून त्याचं कौतुक चाललं होतं! आमच्या गोठ्यांत मेंढ्यांशेजारी प्लास्टिकचा डायनासोरही चालतो. साप कुणी ठेवला, कोण विचारणार? मला वाटलं दीर एवेलियोंनी, त्यांना वाटलं मी. रोज जागा बदलायचा, म्हणून मी नातींवर उगाच ओरडले. देवा, माफ कर.

आता तो गव्हाणीला वेटोळं घालून बसला होता. आतलं बाळ मातीचं, माझ्या सासूबाईंच्या सासूचं. एवेलियो कोयता घेऊन धावले.

"थांबा! सापासकट देव फोडाल!"

समोरच्या सोराइदाबाईंना, आमच्या दोन्यांना, हाक मारली. वय अडुसष्ट. गावात जपमाळ त्याच सांगतात आणि सापही त्याच काढतात. दोन्हीला घाई चालत नाही म्हणतात. आल्या त्या झाकणाचं लहान पिंप आणि लांब दांड्याचा झाडू घेऊन.

"एवेलियो, कोयता खाली. आवाजही."

"चावला म्हणजे?"

"तुम्हाला? तोच आजारी पडेल. सगळे दाराशी व्हा."

दुरूनच त्यांनी डोकं, अंग, शेपटी नीट निरखली. "बोआ अजगराचं पोर आहे. विषारी असता, तर अग्निशामक दलाला फोन केला असता. मी शूर नाही, म्हातारी आहे."

पिंप सापासमोर आडवं ठेवलं, वर चादर टाकून आत अंधार केला आणि मागून झाडू हलकेच टेकवला. "चला राजे, आमची प्रार्थना तीनला आहे."

राजे सावकाश उलगडले. शेपटीच्या धक्क्यानं बाळ घरंगळलं. ते गोठ्यात अंथरलेल्या शेवाळावर थांबलं, अखंड. साप अंधारात शिरला. पिंप उभं झालं, झाकण बसलं. मी क्रूसाची खूण केली.

एवेलियोंनी कपाळावर हात मारला. "तीन दिवस मी याच्या शेजारी कॉफी प्यायलो, आणि हा रोज नव्या जागी!"

"म्हणून तो रोज जागा बदलत होता. तुमच्या गप्पा किती ऐकणार?" दोन्या म्हणाल्या.

पिंप काखेत घेऊन त्या दारात वळल्या. "माझी तमालांची जोडी बाजूला ठेवा."

"सुतळी नाही हो, दोन्या."

त्या निघाल्या: आधी कॉफीच्या मळ्यापलीकडे ओढ्यावर साप सोडायला, मग दुकानातून माझी सुतळी आणायला.