सोमवारची पंप-परेड

आमच्या साडूंनी ज्याला ‘कशासाठी?’ असं विचारलं नाही असा माणूस सातारा-सांगलीच्या पट्ट्यात शोधून सापडणार नाही. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ टपरीवर चहा घेतानाही विचारतो, “चा कशापायी करतोस रं?” टपरीवाला “विकायला” म्हणाला की त्याचं दूध उतू जाईपर्यंत शिकवणी चालते. भाच्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाच्या कानाशी वाकून विचारलं, “लगीन कशासाठी, त्ये ठरलंय न्हवं?” नवरदेव खरोखरच विचारात पडला. शेवटी माझ्या मेव्हणीनं आपल्या नवऱ्याचा दंड धरला आणि त्यांना मांडवाबाहेर नेऊन बसवलं.

कुपवाडला साडूंचं छोटं वर्कशॉप आहे. शेतकरी पाठीवर फवारणीचा पंप बांधतात, त्यातले रबरी वॉशर तिथं तयार होतात. मध्यंतरी पंप कंपनीनं बजावलं, पंप गळताहेत, सुधारणा करा, नाहीतर ऑर्डर बंद. ऑर्डर बंद म्हणजे शेडला कुलूप आणि सगळी माणसं घरी! साडू तडक पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि ‘ध्येय, दृष्टी, मूल्ये’ असा चकचकीत फलक घेऊन आले. कामगारांनी दुसऱ्याच दिवशी त्याच्या खिळ्यांना हेल्मेटं अडकवली. साडूंनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, “आपण वॉशर कशासाठी करतो?” प्रेसवरच्या सुनंदाबाईंनी सरळ सांगितलं, “पगारासाठी, सायेब.” आता स्फोट होणार असं सगळ्यांना वाटलं, पण साडू नुसतेच मान हलवत घरी गेले.

सोमवारी त्यांनी पंप आणले, त्यांत ज्याचे त्याचे वॉशर बसवले, पाणी भरलं, एकेकाच्या पाठीवर बांधले आणि शेडसमोर आरोळी ठोकली, “तेज चल!” दोन फेऱ्यांत सगळ्यांच्या पाठी चिंब झाल्या. “ह्ये पानी हाय,” साडू म्हणाले, “रानात हितं औषध असतंय.” सुनंदाबाई मटकन खाली बसल्या. “घरी आमचं मालक द्राक्षाला औषध मारून आलं की पाठीची आग आग हुती म्हणत्यात. म्हंजी त्यो आमचाच वॉशर व्हय?” मग त्याच उठल्या, फलक उतरवला आणि भिंतीवर रंगानं लिहिलं: पाठ कोरडी पाहिजे.

आणि काय सांगू, त्या वर्कशॉपला नुसतं वारं भरलं! माणसं भोंग्याआधी हजर. बारीकशी चुणी दिसली की वॉशर भंगारात. सोमवारी रजा मागणं म्हणजे अपमान. एकदा तर वॉचमननं भरलेला टेम्पो गेटवर अडवला आणि “ह्या खोक्याची परेड झालीया का?” म्हणून ड्रायव्हरलाच पंप बांधून पळवलं.

ऑर्डरचा शेवटचा निकाल द्यायला कंपनीचे साहेब आले, त्या दिवशी मी तिथंच होतो. साडू खुर्ची आणायला आत वळले, तेवढ्यात त्या वॉचमननं साहेबांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर पंप चढवलासुद्धा! आता ऑर्डर गेलीच, असं मी धरून चाललो. पण मागून “तेज चल” झालं आणि साहेब चक्क चालू लागले, त्यांच्यामागे सगळं वर्कशॉप. फेऱ्या संपल्यावर साहेबांनी पाठीमागे हात नेला. पुन्हा नेला. “कोरडी आहे,” ते म्हणाले, “ऑर्डर चालू राहील.” असा गलका उठला की शेजारच्या शेडमधली माणसं काय झालं म्हणून धावत आली.

फक्त साडू ओरडले नाहीत. उभ्या जन्मात कुणाला शाबासकी न दिलेला तो माणूस ओळीनं जाऊन एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत होता. “कोरडी हाय, सायेब,” सुनंदाबाई म्हणाल्या. “ठावं हाय,” एवढंच बोलून ते पुढे सरकले. मला त्या माणसांचा इतका हेवा वाटला की मी गुपचूप ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. साडू माझ्यापाशी आले. “पाव्हणं, तुमी तर पंपच बांधला न्हाई,” असं म्हणाले खरे, पण माझ्या पाठीवर ठेवलेला हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.