गायकवाड बाईंची बेरीज

शाळेतल्या माझ्या पहिल्या दिवशी मी स्टाफरूमच्या दारात एकटीच उभी होते, तर आतून खणखणीत आवाज आला, "या की. दोघं बी या आत." मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, व्हरांड्यात नुसती पाण्याची टाकी होती. आत टेबलाशी एक बाई हजेरीपट आखत बसल्या होत्या. निळ्या काठाची सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा आणि गळ्यातल्या बारीक साखळीत इवलासा क्रूस. माझा गोंधळ बघून त्या म्हणाल्या, "मागं काय बघताय? पोटात बघा."

मला तिसरा महिना चालू होता. नवरा आणि सासूबाई सोडल्या तर कोणालाच माहीत नव्हतं. आता ते एका दमात सहा शिक्षकांना आणि घंटा द्यायला निघालेल्या शिपाईमामांना कळलं. मी कसंबसं विचारलं, "तुम्हाला कसं समजलं?" "तोंडावर लिवलंय की," बाई म्हणाल्या, "आणि चहाचा वास आला तसं नाक मुरडलंसा." मग त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि आपण खिडकीत जाऊन बसल्या.

या एस्तेर गायकवाड. कसबा बावड्यातल्या आमच्या शाळेत त्या आठवी ते दहावीला गणित शिकवायच्या. वर्गात त्यांची भाषा पाठ्यपुस्तकासारखी शुद्ध असे. स्टाफरूमचा उंबरा ओलांडला की ती भाषा चपलेसारखी बाहेर काढून ठेवायच्या आणि अस्सल कोल्हापुरी सुरू व्हायची. आमच्या भागातल्या बायका बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तसं त्याही म्हणायच्या. नवीन बदलून आलेल्या पुण्याच्या एका मॅडम त्यामुळे पहिला आठवडाभर दचकत होत्या.

गरोदर बाईला दोघं म्हणून मोजायची त्यांची जुनी सवय. इतिहासाचे जाधव सर त्यावरून त्यांना छेडायचे. "बाई, तुमची बेरीज चुकतीय. माणूस एकच आलंय." बाई चष्म्यावरून बघायच्या. "जाधव सर, एक्स कधी डोळ्यानं बघितलासा काय? दिसत न्हाय म्हणून त्याला किंमत न्हाय म्हणता काय? किंमत कळायला उशीर लागतो, एवढंच." जाधव सरांचं गणित दहावीलाच सुटलेलं, त्यामुळे ते लगेच वर्तमानपत्र उघडायचे.

बाई ख्रिस्ती होत्या, श्रद्धेनं आणि हट्टानंही. आईच्या पोटात जीव धरला की तो देवाघरचा माणूस, त्याला काढून टाकायचा हक्क कोणालाच नाही, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. कायदा काय म्हणतो ते त्यांना ठाऊक होतं. "कायदा वेगळा आणि बरोबर वेगळं," असं त्या म्हणायच्या. मला ते सगळं पटायचं नाही. मी जीवशास्त्र शिकवते. शिवाय मी जयसिंगपूरच्या जैन घरातली, जीवदया आम्हाला नवीन नाही. पण जीवदयेची आमची यादी बाईंच्या यादीशी जुळत नव्हती.

दर सोमवारी बाईंच्या बोटांना आदल्या दिवशीच्या मटणाचा वास असे. रविवारी चर्च आणि चर्चनंतर तांबडा रस्सा, यात खंड नाही. एकदा मी म्हटलंच, "बाई, तुमच्या जीव वाचवण्यात बोकड बसत नाही का?"

"बोकडाला देवानं आपल्या रूपात केलेलं न्हाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या बटाट्याला बी न्हाय. तरी चातुर्मासात तुम्ही बटाट्याला हात लावत न्हाईसा."

"जमिनीखालचं आम्ही खात नाही, कारण तिथं डोळ्याला न दिसणारे जीव असतात."

बाईंनी खडूनं भरलेला हात टेबलावर आपटला. "मग भांडण कशाचं? तुम्ही मातीत झाकलेल्याला जपता, मी पोटात झाकलेल्याला जपतो. आपण दोघी एकाच पार्टीच्या."

त्यांचं मत नुसतं बोलण्यापुरतं असतं तर मी ते एका कानानं ऐकून सोडून दिलं असतं. पण माझ्या दुसऱ्या वर्षी शुभांगीचं प्रकरण झालं. शुभांगी खेळाची शिक्षिका, वयानं लहान, अजून कायम न झालेली. तिला दिवस राहिले. संस्थेच्या अध्यक्षांनी तिला बोलावून सांगितलं, "कायम व्हायच्या आधीच हे काय काढलंत? मैदानावर कोण उभं राहणार? विचार करा, अजून वेळ गेलेली नाही." पोरगी खेळाच्या साहित्याच्या खोलीत चटयांच्या ढिगावर बसून रडत होती. तिला मूल हवं होतं, नोकरीही हवी होती.

बाईंना कळलं तेव्हा त्यांच्या हातात दहावीचा भूमितीचा कंपास होता, फळ्यावर वापरायचा, हातभर लांब. तो तसाच घेऊन त्या अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले, कंपासाच्या काळजीनं.

"साहेब, त्या लेकराची तुम्हाला अडचण काय हाय?"

"बाई, लेकराची नाही. खेळाचे तास कोण घेणार?"

"मी घेतो."

"तुम्ही?"

"का? मला पाय न्हाईत?"

पाय होते, पण चौपन्न वर्षांचे, आणि उजवा गुडघा पावसाळ्यात हवामान खात्याच्या आधी बोलायचा. तरी बाईंनी साडीचा पदर खोचला, गळ्यात क्रुसाशेजारी शिट्टी अडकवली आणि सहा महिने मैदान सांभाळलं. मुलींच्या कबड्डीला त्या कडेला उभ्या राहून ओरडायच्या, "कोन बघ गं, कोन! काटकोनात शिरलीस तर मरशील!" त्या वर्षी आमचा संघ पहिल्याच सामन्यात बाहेर पडला. पण भूमितीत त्या सगळ्या पोरी पास झाल्या. शुभांगी बाळंतपणाची रजा संपवून परत आली, पुढे कायमही झाली. बाईंनी शिट्टी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घे बाई तुझं राज्य. माझा गुडघा नास्तिक व्हायच्या बेतात आलाय."

एवढं केल्यावर कोणी गप्प बसलं असतं. बाईंना ते जमत नसे. शाळेत 'लेक वाचवा'चा कार्यक्रम होता. आरोग्य खात्याच्या डॉक्टर मॅडम पाहुण्या, मंडपात पालक, आणि प्रास्ताविक बाईंकडे. सुरुवात छान झाली. मुलगी आहे म्हणून पोटातच मारणाऱ्यांना त्यांनी असं झोडपलं की पुढच्या रांगेतले दोन पाटील खाली बघायला लागले. मग मात्र त्यांचा तोल गेला. "लेकच का वाचवायची?" त्या म्हणाल्या, "लेकीच्या भावानं काय पाप केलंय? पोटातलं प्रत्येक लेकरू वाचवा!"

डॉक्टर मॅडम उठल्या. गर्भपात प्रत्येक वेळी गुन्हा नसतो, कायद्यानं बायकांना काही हक्क दिलेत, आणि तुम्ही असं बोललात तर अडचणीतली बाई आमच्याकडे न येता भलतीकडे जाऊन जीव गमावते, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी उत्तराला माईक घेतला. मॅडमनी तो सोडला नाही. दोघींच्या मध्ये माईक आणि माईकमधून घुंई घुंई आवाज. आमचे मुख्याध्यापक चव्हाण सर फार सावध माणूस. त्यांनी टाळी वाजवून पोरांना खूण केली आणि मधेच राष्ट्रगीत सुरू करून टाकलं. दोघी जागच्या जागी ताठ उभ्या राहिल्या. राष्ट्रगीतात भांडता येत नाही.

नंतर चव्हाण सरांनी बाईंना बोलावून स्पष्ट सांगितलं, "तुमचं मत चर्चमध्ये मांडा, घरी मांडा. वर्गात नको. पोरं आपल्याला गुरू मानतात, आपलं मत त्यांना उत्तर वाटतं." बाईंना ते लागलं, पण पटलंही. "पोरांनी आपणहून विचारलं तर?" "तर गणित सांगा." बाईंनी तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

आता माझं सांगते. माझी मोठी मुलगी चार वर्षांची झाली आणि मला पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला गेलो, तर डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नव्हती. जन्मलं तरी काही तास. आणखी एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. नवरा आणि मी दोन दिवस एकमेकांकडे न बघता बोलत होतो. शेवटी ठरवलं, पुढं न्यायचं नाही.

बाई घरी आल्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काही तास म्हणाले न्हवं? मग तेवढं तास तरी त्याचं हाईत की. ते आपण कशापायी काढून घ्यायचं?"

माझा आवाज चढला. "बाई, चार महिने पोटावर हात ठेवून वाट तुम्हाला बघायची नाही. मला बघायचीय. रस्त्यात प्रत्येक जण विचारणार, तारीख कधीची. काय सांगू?"

"खरं सांगायचं."

"हे तुमच्या फळ्यावरचं गणित नाही. उठा तुम्ही. जा."

वडीलधाऱ्या माणसाला मी असं कधी बोलले नव्हते. बाई उठल्या. त्यांना चपला सापडेनात, माझ्या मुलीनं शोधून दिल्या.

दवाखान्यात जे व्हायचं ते झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. दाराशी कोणीतरी हळूच विचारलं, "येऊ का?" आवाज ओळखीचा होता, पण अशी परवानगी मागताना मी तो कधी ऐकला नव्हता. बाईंच्या हातात स्टीलचा डबा होता.

"मुगाची खिचडी हाय. चातुर्मास हाय म्हणून कांदा-लसूण घातलेला न्हाय. आणि डबा नवीन आणलाय. ह्यात कधी मटण गेलेलं न्हाय."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. बाई पलंगाच्या कडेला बसल्या. पहिल्यांदाच मला अहोजाहो सोडून अगं-तुगं करत म्हणाल्या, "तुझं मला पटलेलं न्हाय, हे आदीच सांगतो. खोटं बोलून तुझ्यापाशी बसाय येणार न्हाय मला. पण त्या दिवशी चुकलो मी. तू बोलत हुतीस आणि मी उत्तर काढत बसलो. आदी ऐकाय पायजे हुतं."

मी डबा जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, "मुलगा हुता का मुलगी?"

"मुलगा."

"नाव ठरवलंतं?"

ठरवलं होतं. मी सांगितलं. बाईंनी ते एकदाच, स्वतःशी म्हटल्यासारखं उच्चारलं आणि डोळे मिटून हात जोडले. माझ्या घरच्यांनी मायेपोटीच काही घडलंच नाही असं धरलं होतं. सासूबाईंनी आणून ठेवलेली लोकरसुद्धा लपवली होती. माझ्या निर्णयाच्या पूर्ण विरोधात असलेली ही एकटी बाई, जिनं माझ्या मुलाला धरून मोजलं.

त्यानंतर बाईंनी स्टाफरूममधली ती आरोळी बंद केली. बाईमाणसानं स्वतःहून सांगेपर्यंत त्या ओठ घट्ट मिटून बसायच्या, आणि त्यांना केवढा त्रास होतोय ते लांबूनही दिसायचं. एकदा जाधव सर चेष्टेच्या भरात माझ्यावरून म्हणाले, "बाई, तुमच्या हिशेबानं मग मगदूम बाईंनी..." पुढचं वाक्य बाईंनी होऊ दिलं नाही. "माझं मत माझ्यापाशी हाय. त्यात तिचं नाव घ्यायचं न्हाय. तुम्ही सर असशीला तर इतिहासातलं, ह्या हिशेबातलं न्हाय."

आमचा वाद मात्र थांबला नाही. बाई निवृत्त झाल्यावर मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचे. त्यांचे यजमान दानियलकाका, शिरोलीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला अबोल माणूस, चहा ठेवून गॅलरीत जाऊन बसायचे. गेल्या हिवाळ्यात बाईंचं हृदय थकलं. बोलताना धाप लागायची. एका दुपारी मी विचारलं, "बाई, खरं सांगा. माझं चुकलं असं अजून वाटतं?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "आणि तुला?"

"मला नाही वाटत."

"बरं." त्यांनी दम घेतला. "मग रविवारी ये. चर्च सुटल्यावर. ह्यो विषय अजून संपलेला न्हाय."

शुक्रवारी पहाटे त्या गेल्या. शनिवारी माती झाली. शाळा सगळी आली होती, अध्यक्षसुद्धा.

रविवारी काय करावं मला कळेना. शेवटी गेले. दानियलकाकांनी दार उघडलं, जरासुद्धा नवल न वाटता. "ती म्हणत हुती, तू येणार हाईस," ते म्हणाले आणि आतून वहीचा एक कागद घेऊन आले. "तुझ्यासंगं काय काय बोलायचं ते लिवून ठेवलंतं तिनं."

कागदावर बाईंचं ते फळ्यावरचं टपोरं अक्षर, शुद्ध मराठीत. एकाखाली एक सात मुद्दे, प्रमेयाच्या पायऱ्यांसारखे, प्रत्येकापुढे कंसात कारण. पहिले सहा मुद्दे चांगले भक्कम होते. चौथ्याला काय उत्तर द्यायचं ते मला आजही सापडलेलं नाही. सातव्यापुढे कारण लिहिलेलं नव्हतं. तिथं एवढंच होतं: "तरीही तिला पटले नाही, तर जेवायला वाढावे."

मी कागदावरून मान वर केली तेव्हा दानियलकाकांनी दोन ताटं मांडलेली होती.