अर्धा किलो कुटलेली माती

हिंगणीच्या आनंदाबाईनं तीन वर्षं आपल्या वावरात नांगर घालू दिला नाही. कापूस वेचून झाला की सारं गाव पऱ्हाटी मुळासकट उपटतं. ही बाई विळ्यानं जमिनीसरशी कापायची अन् मुळं आतच कुजू द्यायची. मुळं कुजली तिथं बारीक भोकं राहिली, त्यांतून गांडुळं फिरली, अन् माती भिजल्या साबुदाण्यासारखी दाणेदार झाली. पाऊस पडला की तिच्याकडचं पाणी मुरायचं. शेजारी तिचे दीर मधुकरराव, त्यांच्या वावरात दोन-दोन दिवस डबकं.

पण ते ऐकतील तर ना! घरचा ट्रॅक्टर, मातीचा भुगा करणारं नवंकोरं रोटाव्हेटर, अन् वहिनीचं वावर असं झाडल्याबिगर पडलेलं. लोक हसतात, म्हणायचे. शेवटी ठरलं, दोघांची माती वर्ध्याच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यायची. आनंदाबाईची सरस निघाली तर रोटाव्हेटर तिच्या धुऱ्याबाहेर, बांधापलीकडंच. नाही तर यंदा फिरवायचं.

नमुना कसा आणायचा ते प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेलंच होतं. तिनं माती सावलीत वाळवली, मुळं वेचून फेकली, ढेकळं कुटली, चाळली, अर्धा किलो पिशवीत भरली. सगळं स्वतःच्या हातानं, मोठ्या हौसेनं.

रिपोर्ट आला. नत्र, स्फुरद, पालाश, दोघांचं जवळपास सारखंच. बाईचं डोकंच फिरलं. तडक वर्ध्याला जाऊन तिनं विचारलं, पाणी किती मुरते ते कुठं लिवलं? तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, ते या तपासणीत येत नाही. परतीच्या बसमध्ये ती स्वतःवरच चरफडत बसली. जे दाखवायचं होतं तेच आपण कुटून दिलं! इतकी कशी अक्कल गहाण पडली होती?

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर धुऱ्यावर आला, तेव्हा ती पाण्याचे दोन गिलास घेऊन आडवी उभी होती. एकात तिच्या वावरातलं ढेकूळ टाकलं, दुसऱ्यात त्यांच्या वावरातलं.

“भाऊजी, घर पाडून इटा मोजल्या आपण. आता हे पाहा.”

मधुकररावांचं ढेकूळ बघता बघता विरघळून गाळ झालं. तिचं तसंच राहिलं.

“दिसून राह्यलं मले, वैनी,” ते म्हणाले. “पण बोलणं झालं होतं.”

अन् त्यांनी ट्रॅक्टर चालू केला.

संध्याकाळी धुऱ्यावरच्या गिलासात ते ढेकूळ अजून शाबूत होतं. वावराचं पीठ झालं होतं.