दोन पंच आणि एक गरुड

ताकसांडे काकांशी माझी ओळख एका नीलपंखामुळे झाली आणि पहिल्याच भेटीत त्यांनी माझी साक्ष फेटाळली. बोरगाव मेघेत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. गच्चीवर कपडे वाळत घालताना समोरच्या तारेवर मला नीलपंख दिसला. शेजारच्या गच्चीवर एक सडपातळ गृहस्थ दुर्बीण घेऊन उभे होते, म्हणून मी उत्साहाने त्यांना हाक मारली. तोवर पक्षी उडाला.

"तुमच्यासंग अजून कोणी होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, मी एकटीच होते."

"मंग नाई धरता येत, मॅडम."

काका जमीन मोजणीच्या खात्यातून भूमापक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरी संपली, पण पद्धत सुटली नाही. आता ते पक्ष्यांचे पंचनामे करत. एका जाड वहीत प्रत्येक नव्या पक्ष्याला एक पान. सुरुवात ठरलेली : 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की...' मग पक्ष्याचं वर्णन, मग तो बसला होता त्या जागेची चतुःसीमा. पूर्वेस धरणाची भिंत, पश्चिमेस बाभूळ, असं. खाली दोन पंचांच्या सह्या आणि त्याखाली काकांचा शेरा. हिंगणीजवळ बोर धरणावर त्यांनी गुरं चारणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना थांबवून रंगीत करकोच्याखाली सह्या करायला लावल्या होत्या. त्यातल्या एकाने सही करता करता विचारलं, "काऊन जी साहेब, या पाखराची वाटणी होऊन राह्यली का?"

मला हसू यायचं. मीही याद्या करते, पण माझ्या यादीत पक्षी दिसला की बरोबरची खूण आणि पुढे चला. काकांना ते पटत नसे. "तुमची यादी म्हंजे शाळेची हजेरी हाय, मॅडम. 'हजर' असा आवाज आला की झालं. पोरगं वर्गात हाय का, कोणी पाह्यत नाई."

मग त्यांच्या काचबिंदूचं कळलं. उजवा डोळा गेलाच होता. डाव्याला बाजूचं काही दिसत नसे. फक्त समोरचं, नळीतून पाहावं तसं. तेही किती दिवस, हे डॉक्टर सांगत नव्हते. एके सकाळी काका गच्चीवरूनच म्हणाले, "डावा डोया जायच्या अगुदर मले समुद्रावरला गरुड पाहून घ्याचा हाय." त्यांच्या कचेरीच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी कोणी काढलं नव्हतं. त्यावर पांढऱ्या पोटाचा सागरी गरुड मासा घेऊन उडत होता. काकांचं टेबल बरोबर त्याच्यासमोर होतं.

मी सहल आखली. काका, मी आणि माझा नवरा सुधाकर. वर्ध्याहून रेल्वे, पुढे गाडी. कर्नाळा, फणसाड, हर्णे, वेळास. प्रत्येक ठिकाणाला वेळ, प्रत्येक वेळेला पक्षी. कर्नाळ्याला आम्ही भर दुपारी पोचलो, त्यामुळे पक्ष्यांपेक्षा त्यांचे फलकच जास्त दिसले. मी फलकावरच्या दोघांना यादीत खुणा करून टाकल्या. फणसाडला शेकरू दिसलं आणि पक्षी नसूनही त्याचा रीतसर पंचनामा झाला. पंच मी आणि सुधाकर.

हर्ण्याला सकाळी आठ ते नऊ गरुड आणि सव्वानऊला डॉल्फिन दाखवणारी बोट, असं ठरलं होतं. गावातल्या एका माणसाने सुरूच्या उंच झाडावरचं घरटं दाखवलं. आम्ही तासभर माना वर करून बसलो. घरटं रिकामं. बोटवाल्याचे फोन सुरू झाले. मी तीनदा घड्याळ पाहिलं. तेवढ्यात होड्यांवरून एक घार सरकत आली. तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची, बंदरावर ढिगाने असतात तसली.

"काका, तो बघा, गरुड!" मी म्हणाले.

त्यांनी मान वाकडी करून डावा डोळा तिकडे लावला. "पोट पांढरं हाय?"

"हो."

"शेपूट आखूड?"

"हो, आखूड."

"सुधाकरभाऊ, तुमी पाह्यला?"

सुधाकरने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. पोट पांढरं, शेपूट आखूड."

काकांनी वही काढली, चतुःसीमा लिहिली. आम्ही सह्या केल्या. बोट मिळाली. एका डॉल्फिनची पाठ क्षणभर दिसली. मी दोन्ही खुणा केल्या आणि सहल वेळेत पार पडली.

दीड वर्षात डावा डोळाही गेला. मुलगी काकांना अमरावतीला न्यायला आली, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "वही वाचून दाखवा, मॅडम. एकडाव ऐकून घेतो." मी वाचत गेले. करकोचा, शेकरू. मग हर्णे. माझी सही, सुधाकरची सही. त्याखालचा शेरा मी कधी वाचलाच नव्हता. तो पाहून मी थांबले.

"वाचा ना. काऊन थांबल्या?"

मी वाचलं : 'पंचांनी गरुड पाहिला. मी घार पाहिली. पंच घाईत होते.'

"काका, तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमची बोट सुटून राह्यली होती ना."

मी ते पान फाडू का, असं विचारलं. ते दचकले. "फाडाचं नाई, खोडाचंबी नाई. एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पायजे. बाजूले सही करा." मी रेघ मारली आणि सही केली. सुधाकरलाही बोलावून करायला लावली.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघंच हर्ण्याला गेलो. या वेळी यादीत एकच नाव होतं. पहिला दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो समुद्रावरून आला, इतका खालून की पंखांचा आवाज ऐकू आला. पंजात मासा होता. मी तिथेच कागदावर काकांच्या पद्धतीने पंचनामा लिहिला, दोघांनी सह्या केल्या आणि अमरावतीला फोन लावून तो वाचून दाखवला.

"भूमापक जाग्यावर हजर नव्हता," काका म्हणाले. "धरता येत नाई."

मग तिकडून हळू आवाजात प्रश्न आला, "मासा कोणत्या पायात होता?"

"उजव्या," मी म्हणाले.

"डाव्या!" सुधाकर शेजारून ओरडला.

"अरे, उजव्या. मी नीट पाहिलं."

"काहीतरीच. डाव्या पायात होता."

आमचं चांगलंच जुंपलं. फोन चालू आहे, हेही विसरलो. काका शांतपणे ऐकत होते.

"राहू द्या, भांडू नका," ते शेवटी म्हणाले. "मागच्या टाइमले दोघाईचं बरोबर जुळलं होतं. आता जुळून नाई राह्यलं. म्हंजे खरंच पाह्यला तुमी. आता सांगा, कुठून आला तो?"