नेच्याला घातलेला स्वेटर

लोणावळ्यातल्या आमच्या बागेत झाडनेचा, म्हणजे झाडासारखं उभं खोड असलेला नेचा, लावायचा हट्ट यांचा. तळेगावच्या नर्सरीतून खांद्याएवढं खोड आणलं, तपकिरी आणि केसाळ. ‘याला पाणी डोक्यावरून घालायचं, सगळा जीव शेंड्यात असतो,’ असं मला दहादा बजावलं, जणू मी शाळेतली पोर. आषाढात यांचं हृदय थांबलं आणि झाड मागे राहिलं.

दिवाळीनंतर घाटातून कोरडा, बोचरा वारा सुटला. नेच्याची पानं करपून लोंबू लागली. यांच्या हातचं एवढं एकच झाड, तेही वाळलं तर काय, या धास्तीने माझी झोप उडाली. शेंड्यात पाचोळा भरून फडक्याचं बोचकं बांधलं. खोडाला गोणपाट गुंडाळलं, पण ते वरपर्यंत पुरेना. मग कपाटातला यांचा मरून रंगाचा स्वेटर खोडाला घातला आणि बटणं लावली. व्यवहारी बाई मी. वाया कशाला घालवायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. कुरवंड्याहून भांड्यांना येणाऱ्या मावशी तेव्हा नव्याच होत्या, यांच्याबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं. मागच्या दाराने आत येत म्हणाल्या, “बाई, भाऊ कवाधरनं भाईर उभं हायेत. लय गार हाय. चा नेऊ का?”

मी खिडकीतून पाहिलं आणि अंगावर काटा आला. खांदे तेच. मान डावीकडे कललेली, यांची कलायची तशीच.

“नको. आंघोळीआधी चहा घेत नाहीत ते,” मी म्हणाले. असं का म्हणाले, देव जाणे.

धुकं विरल्यावर मावशींना कळलंच असणार. पण त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रोज त्या तांब्याभर पाणी शेंड्यावर ओतायच्या आणि सांगायच्या, “भाऊंची आंगूळ झाली.” मीसुद्धा येताजाता ‘अहो’ म्हणू लागले. एकदा स्वेटरची बाही हलली. वारा नव्हता. मला भीती वाटली नाही, याचीच नंतर भीती वाटली.

फाल्गुनात बोचकं सोडलं, तर आत केसाळ, घट्ट मिटलेल्या मुठी वर आलेल्या. नवी पानं! आनंदाने मला रडूच फुटलं. पण आता उकाड्यात स्वेटर तसाच ठेवला असता, तर खोड कुजलं असतं. मी एकेक बटण काढलं. आतून स्वेटर ऊबदार लागला.

सकाळी मावशी दारातच थबकल्या. “बाई, भाऊ कुटं हायेत?”

“गेले,” मी म्हणाले. आषाढापासून हा शब्द मी कुणापुढे उच्चारला नव्हता.