जास्त बोगदे असलेली लाईन

लालसाब मुल्लांनी रेल्वेत चौतीस वर्षं काढली, पण गाडीत बसून ते फारसे कुठे गेले नाहीत. ते ट्रॅकमन होते. होटगीच्या बाजूला रुळांच्या कडेनं चालायचं, सैल झालेलं ठोकून घट्ट करायचं, गाडी आली की बाजूला उभं राहायचं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि नवराबायको कुंभारीच्या दोन खोल्यांत राहायला आले.

तिथं आल्यापासून ते नुसते बसून असायचे. आजार नाही, चिडचिड नाही. "जेवलात का?" असं कुणी विचारलं तर क्षणभर आठवावं लागायचं. नात झाली तेव्हा पेढा हातात घेतला, "बरं झालं" म्हणाले आणि तो तसाच कट्ट्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी बायकोनं, मदिनाबीनं, मुंग्यांसकट उचलून टाकला.

त्यांची मुलगी सबिहा जुळे सोलापुरात राहायची, शाळेत शिकवायची. वडिलांचा रेल्वेचा मोफत पास डिसेंबरनंतर वाया जाणार, हे तिच्या ध्यानात आलं. आईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. एका रविवारी दुपारी ती मोबाईल घेऊन वडिलांच्या शेजारी येऊन बसली.

"अब्बा, कोकणातल्या लाईनीवर तीन ठिकाणं काढलीत. सकाळी बसायचं, बघत बघत जायचं, संध्याकाळी परत. रत्नागिरीहून वर चिपळूणकडं, नाहीतर रत्नागिरीहून खाली मडगावला. तिसरं म्हणजे कारवारहून भटकळ. कारवारला खालाचं घर आहे, लॉज नको. समुद्रही तिकडंच जवळ."

लालसाबनं मोबाईलकडं न बघता विचारलं, "बोगदे कुटल्या लाईनीला जास्त?"

"चिपळूणच्या. एक तर सहा किलोमीटरच्या वर आहे."

"मग तीच कर."

सबिहा हसली. "बोगद्यात काय दिसणार अब्बा? नुसता अंधार."

"बोगद्यात माणसं येत न्हाईत," लालसाब म्हणाले.

सबिहाला काही कळलं नाही. मदिनाबी तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "सांगू का तिला?"

"रुळावर माणूस गेलं की कुणाला बोलावत्यात, म्हाईत हाय तुला?" मदिनाबीनं लेकीला विचारलं. "गँगच्या मानसांना. जोतीराम मुकादमाचा निरोप यायचा, की हे चादर घिऊन निघायचे. गोळा करून द्यायला. बाकीची पोरं तोंड फिरवायची, म्हून ह्येंनाच पुढं करायचे."

सबिहाला आठवलं, लहानपणी कधीकधी अब्बा भरदुपारी घरी यायचे आणि दाराबाहेरच्या नळाखाली कपड्यांसकट बसायचे. ग्रीस लागलंय, असं अम्मी सांगायची.

"किती वेळा, अब्बा?"

"आदी ध्यानात ठेवायचो. मग सोडलं." लालसाब शांतपणे बोलत होते, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "पयल्या टायमाला दोन दिवस जेवलो न्हाई. एक पोरगी हुती, तुज्या आत्ताच्या वयाची. दुसऱ्या टायमाला जेवलो. नंतर काय वाटायचंच बंद झालं. म्हटलं, बेस झालं की. पर तेवढंच बंद हुत न्हाई बघ. सगळंच हुतं."

मग मदिनाबीनं ताट बाजूला सरकवलं. "कारवारला जायाचं," ती म्हणाली. "खिडकीला मी बसती. तुमी आतल्या अंगाला बसा, भाईर बघूच नगा. काय दिसतं ते मी सांगती."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं हुबळीपर्यंत गाडीनं आणि पुढं बसनं कारवारला मदिनाबीच्या बहिणीकडं पोचले. एक दिवस मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भटकळच्या गाडीत बसले. स्टेशन सुटल्यावर थोड्याच वेळात लांबलचक बोगदा लागला. तो संपला तरी लालसाबनं डोळे मिटलेलेच ठेवले.

मदिनाबी सांगायला लागली. "नारळाची झाडं हायती. लई हायती. कौलाचं घर. एक बाई भांडी घासतीया. आता शेत. बगळे बसल्यात. रस्त्यावर टेम्पो थांबलाय." समोर बसलेली कानडी बाई आधी हसली. नंतर तिला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसावं. मग तिनं सरकून मदिनाबीला पाय ठेवायला जागा करून दिली.

कुमट्याच्या अलीकडं गाडीला ब्रेक लागले आणि ती मध्येच थांबली. लालसाब ताडकन उठले. कुणाला न विचारता दाराकडं निघाले, डावा हात खांद्यावर नसलेली चादर चाचपत होता. मदिनाबीनं त्यांचं मनगट धरलं आणि गजाला गाल लावून पुढं पाहिलं.

"तांबडा सिग्नल हाय. कुणी न्हाई."

"नीट बघ."

"बघितलं. रूळ मोकळा हाय. बसा तुमी."

ते बसले. थोड्या वेळानं गाडी हलली, पुढच्या स्टेशनात शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी दिसली. लालसाबच्या कपाळावर घाम होता, तो मदिनाबीनं पदरानं पुसला.

होन्नावर गेलं आणि तिचं बोलणं एकदम बंद पडलं. लालसाबनं घाबरून डोळे उघडले. खाली शरावती होती. पूल संपतच नव्हता, आणि पश्चिमेला नदी जिथं संपायची तिथून पुढं नुसतं पाणी, उन्हानं पांढरं झालेलं. दोन-तीन होड्या होत्या. मदिनाबीनं तोंडावर हात ठेवला होता.

"केवढं वो हे," ती म्हणाली.

"व्हय."

ते बघत राहिले. आत काहीतरी व्हायला पाहिजे, असं त्यांना वाटलं; काही झालं नाही. पाणी होतं, ऊन होतं. चाकांचा आवाज मात्र कानात स्पष्ट पडत होता. "पुलाचा गर्डर चांगला ठेवलाय," ते म्हणाले. कुणी न विचारता ते बोलले, हे मदिनाबीला किती दिवसांनी ऐकायला मिळालं होतं.

भटकळला बिर्याणी खाल्ली, बाजारातून नातीसाठी टोपडं घेतलं आणि परतीच्या गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर आले. फलाटाच्या टोकाचं बाकडं सावलीत होतं. बसल्या बसल्या लालसाबची मान कलली आणि डोकं बायकोच्या खांद्यावर आलं. चारचौघांत असं कधी झालं नव्हतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि तशीच बसून राहिली.

गाडी आली. माणसं चढली, उतरली. लालसाब घोरत होते. मदिनाबीनं हात उचलला, मग परत मांडीवर ठेवला. गाडी गेल्यावर तिनं बहिणीला फोन लावला आणि दबक्या आवाजात, पुढच्या गाडीनं येतो, एवढंच सांगितलं.

ते जागे झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. "गाडी?"

"गेली की."

त्यांनी रुळाकडं पाहिलं, हातानं तोंड चोळलं. रागावले नाहीत.

"च्या मिळंल का हितं कुटं?" त्यांनी विचारलं. मदिनाबी खांदा चोळत उठली आणि दोन चहा आणायला गेली.